पाताळातील वाफ आणि शेजाऱ्याचे नाक

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात केंद्र सरकारने भूगर्भातील उष्णतेपासून ऊर्जा मिळविण्यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. निवडणुका, क्रिकेट आणि भाववाढ यांच्या गर्दीत ही बातमी फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. परंतु ज्या देशात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने उष्ण पाण्याचे तीनशेहून अधिक झरे नोंदले आहेत, आणि जेथील भाविक पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यांत देवतेचा वास मानून स्नान करीत आले आहेत, त्या देशाने आता त्याच झऱ्यांखालची आच विजेच्या तारेपर्यंत नेण्याचे मनावर घ्यावे, ही गोष्ट साधी नव्हे.

आपल्या बडोद्याच्या मंडळींना ही कुंडे परकी नाहीत. उनाईचे कुंड आहे, गोध्र्याजवळचे तुवा आहे, खेडा जिल्ह्यातील लसुंद्रा आहे. कोकणात ज्यांची मुळे आहेत त्यांना वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे ही नावे आजोळच्या नावांइतकी जवळची. अशा काही कुंडांपाशी गेले म्हणजे आपण म्हणतो, ‘गंधकाचा वास येतो.’ वस्तुतः शुद्ध गंधकाला असा दर्प नसतोच. नासलेल्या अंड्याची आठवण करून देणारा तो वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. गंधकाचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन. कुंडावर तो चिमूटभर असतो व आपण तो पुण्याईच्या खाती टाकून मोकळे होतो. मात्र हजारो टन वाफ उपसणारे वीजकेंद्र उभे राहिले की हीच चिमूट टनांत मोजावी लागते. आणि मग देवतेचा वास व वायूचा वास यांतला फरक वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या माणसाला फार चांगला कळू लागतो.

गाणे शिकविणाऱ्या माणसाने वायूंच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. निदान बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा देणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच १८९० साली कलाभवन काढून रंग, रसायन आणि यंत्र यांचे शिक्षण या गावात आणले. एकाच गावात एकाच धन्याने दोन्ही विद्या पोसल्या. त्यांनी एकमेकींची विचारपूस केली तर बिघडले कोठे? शिवाय या विषयाचे आणि माझ्या धंद्याचे एक नाते आहे, ते पुढे ओघाने येईलच.

वायूचा स्वभाव

हा वायू मोठा लबाड आहे. माणसाच्या नाकाला तो अत्यल्प प्रमाणातही कळतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचे चारदोन भाग असले तरी पुष्कळांना वास येतो. येथवर नाक हा उत्तम पहारेकरी. परंतु प्रमाण वाढत जाऊन दहा लाख भागांत शंभराच्या घरात गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते की संकट टळले. नेमके तेथून संकट सुरू होते. पाचशेच्या पुढे शुद्ध हरपते, हजाराच्या आसपास चार श्वासांत मनुष्य कोसळतो. पुन्हा हा वायू हवेपेक्षा जड. म्हणून खड्ड्यात, विहिरीत, दरीच्या तळाशी तो साचून राहतो.

माझे वडील दरबारच्या गवयांच्या शेवटच्या पिढीतले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. उतरलेल्या तंबोऱ्यावर फार वेळ बसू नये, असा त्यांचा दंडक असे. कारण पहिली पाच मिनिटे कान कुरकुरतो, मग तो त्या उतरलेल्या सुरालाच षड्ज मानू लागतो, आणि शेवटी खरा सूर लावणारा शिष्यच बेसूर वाटू लागतो. हायड्रोजन सल्फाइड नाकाचे हेच करतो. फरक इतकाच की कान बसला तर मैफल जाते, नाक बसले तर प्राण जातो.

ही अतिशयोक्ती नव्हे. २०२१ च्या २५ जानेवारीला इंडोनेशियातील उत्तर सुमात्रात, सोरिक मारापी येथील भू-औष्णिक प्रकल्पावर एक नवी विहीर उघडताना हा वायू बाहेर पडला. आसपासच्या वस्तीतील पाच माणसे दगावली आणि कित्येकांना इस्पितळात न्यावे लागले. तीस वर्षांपूर्वी, १९९१ च्या जूनमध्ये, हवाई बेटावरील पुना येथे खोदाई चालू असता विहीर उसळून हा वायू सुटला, आणि शेजारच्यांना रातोरात घरे सोडावी लागली. ‘स्वच्छ ऊर्जा’ या शब्दातला ‘स्वच्छ’ कोणी फुकट देत नाही, तो कमवावा लागतो. या दोन घटना त्याची साक्ष देतात.

वायू सुटतो कोठून?

वीजकेंद्राची रचना थोडक्यात सांगितल्याखेरीज पुढचे समजणार नाही. जमिनीत हजार-दोन हजार मीटर खोल विहीर खणतात; तिच्यातून वाफ वर येते, चक्र फिरविते, आणि चक्रापलीकडे थंड होऊन पाणी बनते. वाफेचे पाणी झाले म्हणजे तेथे निर्वात पोकळी तयार होते, आणि ती पोकळीच चक्राला अधिक जोराने ओढते. परंतु भूगर्भातल्या वाफेबरोबर काही वायू येतात, त्यांचे पाणी होत नाही. त्यांत मुख्य कार्बन डायऑक्साइड. त्याच्या मागोमाग हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन, नायट्रोजन, थोडा मिथेन. हे वायू साचले तर पोकळी बिघडते, म्हणून पंपांनी त्यांना सतत बाहेर खेचावे लागते. हे ‘बाहेर’ म्हणजेच गावकऱ्यांचे आकाश.

यात एक मेख आहे. थंड करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत वाफ आणि गार पाणी नळ्यांच्या भिंतीने वेगळी राहतात. मग जवळजवळ सर्व वायू एकाच नळीतून निघतो आणि त्याला पकडणे सोपे जाते. दुसऱ्या रीतीत गार पाण्याचा फवारा थेट वाफेतच सोडतात. ही रीत स्वस्त, पण वायूचा काही भाग पाण्यात विरघळतो आणि थंड करण्याच्या मनोऱ्यावर ते पाणी उघड्या हवेत खेळू लागले की तेथून निसटतो. वाफेत अमोनिया असेल तर पाणी किंचित क्षारधर्मी होऊन आणखीच वायू विरघळतो. म्हणजे प्रारंभी चार पैसे वाचविण्यासाठी जी रीत पत्करली, तिच्यामुळे पुढे चोर एका दरवाजाऐवजी दोन दरवाजांनी पळू लागला. कॅलिफोर्नियाने हा धडा चांगलाच महाग घेतला.

कॅलिफोर्नियाचा धडा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, सोनोमा आणि लेक या परगण्यांच्या सीमेवर ‘द गीझर्स’ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. नावात कारंजी असली तरी जागेवर एकही खरे कारंजे नाही. आहेत ती वाफेची छिद्रे. १९६० साली तेथे ११ मेगावॅटचे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे एकामागून एक केंद्रे उभी राहून हे जगातील सर्वांत मोठे भू-औष्णिक विद्युत्क्षेत्र झाले. वीज दूरच्या शहरांना जाई. वास मात्र वाऱ्याबरोबर लेक परगण्यातल्या वस्त्यांवर उतरे. तेथील रहिवाशांनी तक्रारी केल्या, सुनावण्या भरविल्या, आणि सरकारला ऐकावे लागले. कॅलिफोर्निया राज्याने १९६९ मध्येच या वायूची मर्यादा ठरविली होती: तासाभराच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत ०.०३ भाग. ही मर्यादा मृत्यूच्या किंवा रोगाच्या भयाने ठरविलेली नव्हती. ती वासाच्या त्रासावर आधारलेली होती. माणसाच्या नाकाला कायद्याच्या दरबारात साक्षीदार म्हणून मान मिळाला, असे हे एक दुर्मिळ उदाहरण आहे.

मग अभियंते कामाला लागले. जुन्या केंद्रांच्या पाण्यात त्यांनी प्रथम लोहाचे क्षार मिसळून पाहिले. वायू कमी झाला, पण गाळ साचू लागला आणि लोखंड गंजू लागले. नव्या केंद्रांसाठी त्यांनी नळ्यांच्या भिंतीची रीत घेतली आणि जोडीला ‘स्ट्रेटफर्ड’ प्रक्रिया आणली. ही प्रक्रिया मूळची इंग्लंडातली. मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्ड या ठिकाणी १९५० नंतरच्या दशकात, घरोघर नळाने पुरविला जाणारा कोळशाचा वायू शुद्ध करण्यासाठी ती बसविली गेली. तिची गंमत अशी: क्षारधर्मी द्रवात हायड्रोजन सल्फाइड शोषला जातो, द्रवातील व्हॅनेडियम त्याचे घन गंधक करतो आणि स्वतः थकतो, थकलेल्या व्हॅनेडियमला एक सेंद्रिय रसायन पुन्हा ताजे करते, आणि ते रसायन थकले की साध्या हवेचे बुडबुडे त्याला ताजे करतात. गवयाने तान घ्यावी, ती साथीदाराने झेलावी, साथीदाराची दमछाक झाली की तंबोऱ्यावरच्या शिष्याने सूर धरून ठेवावा, तसाच हा प्रकार! कोणीही संपत नाही. शेवटी खर्ची पडते ती फक्त हवा. गंधक फेसासारखे वर तरंगते, ते निथळून काढतात. या यंत्रात शिरलेल्या वायूपैकी ९९ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन सल्फाइड निघून जातो, आणि गंधक शेतजमिनीच्या कामी येते.

परंतु जगात निर्दोष असे काही नाही. व्हॅनेडियम विषारी, म्हणून त्याचा अंश असलेला गाळ सांभाळून पुरावा लागतो. पुढे व्हॅनेडियमच्या जागी लोहाचे विशिष्ट संयुग वापरणाऱ्या प्रक्रिया निघाल्या. त्यांत विषाची भीती कमी, पण रसायनाची भर पुन्हा पुन्हा घालावी लागते. इटलीने आणखी वेगळी वाट काढली. त्या देशाचा या विद्येतला मान मोठा. १९०४ साली लार्देरेल्लो येथे प्रिन्स जिनोरी कोन्ती यांनी भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावून दाखविले, ती या साऱ्या खटाटोपाची नांदी. तेथील आजच्या पद्धतीत वाफेतला पारा आधी शोषून घेतात, मग हायड्रोजन सल्फाइडचे उत्प्रेरकावर सल्फर डायऑक्साइड करतात, आणि तो वायू थंड करणाऱ्या पाण्यातच विरघळवून टाकतात. वाफेसोबत येणारा जो अमोनिया कॅलिफोर्नियात डोकेदुखी झाला होता, तोच इटलीत त्या आम्लाचा उतारा म्हणून उपयोगी पडतो. एकाच्या घरचा वर्ज्य स्वर दुसऱ्याच्या घरी वादी ठरतो, तो असा.

आपल्या शहराच्या वेशीवर कोयलीचे तेलशुद्धीकरण केंद्र १९६५ पासून उभे आहे. खनिज तेलातील गंधक काढतानाही हाच वायू तयार होतो, आणि त्याचे गंधक करण्याची विद्या तेलाच्या धंद्यात फार जुनी. तिचे मूळ १८८३ सालच्या क्लॉस यांच्या शोधात आहे. म्हणजे आपल्या अभियंत्यांना हा वायू अनोळखी नाही. पण त्यामुळेच दुसरी एक अडचण उभी राहते. जगभरच्या तेलकेंद्रांतून इतके गंधक निघते की बाजारात त्याला फारसा भाव नाही. भू-औष्णिक केंद्राने गंधकाचा ढीग केला तरी तो विकून खर्च निघेल, अशी आशा कोणी धरू नये.

आइसलँडने काय केले?

या अडचणीवर सर्वांत विलक्षण उत्तर शोधले ते आइसलँडने. त्या देशातील दहांपैकी सुमारे नऊ घरे भूगर्भातल्या उष्णतेने ऊब घेतात. राजधानी रेक्याविकमध्ये घरे तापविण्यासाठी असे पाणी खेळविण्यास १९३० सालीच आरंभ झाला. रेक्याविक या नावाचा अर्थच ‘धुराचा उपसागर’. अशा गावाला वाफेचे वावडे कसले? परंतु २००६ साली शहरापासून तीसेक किलोमीटरवर हेलिसहेदी येथे मोठे वीजकेंद्र सुरू झाले, त्याची विद्युत्क्षमता वाढत वाढत ३०३ मेगावॅटपर्यंत गेली, आणि हिवाळ्यात वारा पडून थंडी साचली, वाऱ्याची जी काही झुळूक असेल ती पूर्वेची असली, की शहरावर अंड्याचा वास उतरू लागला. घरांतील चांदी काळवंडू लागली. चांदी आणि तांबे यांच्याशी या वायूचे हाडवैर आहे, हे देवघरातली उपकरणी घासणाऱ्या आपल्या गृहिणींना कोणी सांगायला नको. तेथे तर विजेच्या नाजूक उपकरणांचीही चिंता सुरू झाली.

२०१० साली आइसलँडच्या सरकारने नियम केला: चोवीस तासांच्या सरासरीने हवेच्या प्रत्येक घनमीटरात ५० मायक्रोग्रॅमहून अधिक हायड्रोजन सल्फाइड असता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १५० ची. म्हणजे आइसलँडची तिच्या एक तृतीयांश. प्रारंभी वर्षातून काही दिवसांची सूट होती. २०१४ च्या जुलैपासून तीही गेली. कॅलिफोर्नियाचा आकडा याच मापात बदलून पाहिला तर बेचाळीसच्या आसपास येतो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. पण एकाची सरासरी तासाची, दुसऱ्याची दिवसाची. विलंबित आणि द्रुत यांत ठेका तोच असला तरी गाणे वेगळे होते. दिवसाच्या सरासरीत रात्रीचे तीन दुर्गंधी तास सहज लपून जातात. तासाच्या सरासरीत ते लपत नाहीत. नियम वाचताना आकड्याबरोबर कालावधी वाचावा, ही सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता उपाय. २००७ पासून रेक्याविकची ऊर्जासंस्था, आइसलँड विद्यापीठ, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील संशोधक मिळून ‘कार्बफिक्स’ नावाचा प्रयोग करीत होते. कल्पना अशी की, जो वायू खडकातून आला त्याला पुन्हा खडकातच स्थान द्यावे. २०१२ मध्ये प्रथम १७५ टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड, आणि नंतर हायड्रोजन सल्फाइडसह वायूंचे ७३ टन मिश्रण पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडले. २०१६ च्या जूनमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भागाचा दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. हायड्रोजन सल्फाइड तर त्याहूनही लवकर स्थिरावतो. बेसाल्टमध्ये लोह भरपूर. गंधक त्या लोहाशी जोडले जाऊन पायराइट नावाचे सोनेरी चमकेचे खनिज होते. ज्याला सोने समजून कित्येक हौशी फसले, तेच हे खनिज!

हेलिसहेदी येथे मोठ्या प्रमाणावर ही रीत २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. एका मनोऱ्यात वायू खालून वर जातो, थंड पाणी वरून खाली येते. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात लवकर विरघळतात. हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन विरघळत नाहीत, ते वरून निघून जातात. वेगळे रसायन लागत नाही, लागते ते पाणी आणि दाब. मग ते सोड्याच्या बाटलीसारखे पाणी नळाने हुस्मूली येथील विहिरीत नेऊन साडेसातशे मीटर खोल सोडतात. तेथून ते दोनशे अंशांहून अधिक तापलेल्या खडकात पसरते. २०१६ मध्ये यंत्रणेची क्षमता दुप्पट केली गेली. त्यानंतर या केंद्रातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वाटा खडकात परत जाऊ लागला. खर्च, संशोधकांनी २०१८ मध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे, टनामागे २५ डॉलरांहून कमी. गंधक करून विकण्याचा खटाटोप नाही, विषारी गाळ नाही.

तरीही येथे टाळ्या वाजवून उठू नये. २०११ च्या शरदात, हुस्मूलीत वापरलेले पाणी परत सोडण्यास आरंभ होताच जमीन हादरू लागली. ऑक्टोबरमधले दोन धक्के चारच्या जवळ पोचले आणि ह्वेरागेर्दी गावातील लोकांना ते जाणवले. मग पाणी सोडण्याचा वेग सावकाश बदलावा, एकदम वाढवू वा तोडू नये, असे धोरण ठेवावे लागले. लय ही केवळ गाण्यातच सांभाळायची असते असे नाही.

आरोग्याचा प्रश्न

थोड्या प्रमाणातला हा वायू वर्षानुवर्षे हुंगला तर काय होते? येथे विद्वानांचे एकमत नाही. न्यूझीलंडमधील रोटोरुआ हे गाव उष्ण झऱ्यांच्या उरावरच वसले आहे. तेथे २००८ ते २०१० या काळात १,६३७ प्रौढांची तपासणी झाली. दम्याशी किंवा बुद्धीच्या तल्लखपणाशी या वायूचा अपायकारक संबंध आढळला नाही. उलट रेक्याविकमधील काही अभ्यासांत, वायूचे प्रमाण वाढलेल्या दिवसांनंतर दम्याच्या औषधांची मागणी किंचित वाढल्याचे दिसले. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक आहेत. परंतु मला वाटते, शेजाऱ्याच्या घरात रोज दुर्गंधी सोडण्याचा अधिकार मिळण्यासाठी ‘त्याने तो मरत नाही’ एवढे सिद्ध करणे पुरेसे नव्हे. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येणे, हीसुद्धा आरोग्याचीच एक बाजू आहे.

आणि दुसऱ्या बाजूने, हा वायू म्हणजे निखळ राक्षस असेही नाही. आइसलँडमधील गरम पाण्याच्या नळांत त्याचा लेश असतो, तो पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, आणि त्यामुळे लोखंडी नळ गंजत नाहीत. म्हणजे जो वायू शहराची चांदी काळी करतो तोच शहराचे नळ राखतो. वैद्य आणि गवई दोघांनीही एकच शब्द वापरावा, हे उगीच नाही: सारा प्रश्न मात्रेचा आहे.

आपण काय करावे?

आता आपल्या दारातला प्रश्न. लडाखमधील पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, एक मेगावॅटचा प्रायोगिक प्रकल्प उभारण्याचा करार तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ च्या फेब्रुवारीत केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथील खोदाईतला द्रव नाल्यात गेल्याने काम थांबवावे लागले. खोदाईच्या पहिल्याच टप्प्यावर ही चुणूक मिळाली, हे एका अर्थी बरेच झाले. पुगा हे चांगपा पशुपालकांचे कुरण आहे. चहूकडून डोंगर, वारा पडलेल्या थंड रात्री, आणि हवेहून जड असा वायू: हे तिन्ही एकत्र आले तर काय होईल, हे कळण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्याकडे बेसाल्टची वाण नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. सह्याद्रीपासून आपल्या पावागढापर्यंत लाव्ह्याच्या थरांवर थर पसरले आहेत. आइसलँडप्रमाणे आपणही वायूचा दगड करू, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आइसलँडचा बेसाल्ट तरुण आणि सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा जुना. त्याच्या पुष्कळ पोकळ्या आधीच झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेल्या आहेत. शिवाय जेथे झरे आहेत तेथे प्रत्येक ठिकाणी बेसाल्ट असेलच असे नाही. पुगा तर हिमालयापलीकडे. दुसऱ्याच्या घराण्याची गायकी आपल्या गळ्याला बसते की नाही, हे रियाज करूनच पाहावे लागते. ज्या ठिकाणी पाणी मध्यम तापमानाचे आहे तेथे बंद नळ्यांची रीत अधिक बरी: गरम पाणी आपली उष्णता दुसऱ्या द्रवाला देऊन, उघड्या हवेचे तोंडही न पाहता, पुन्हा जमिनीत जाते. वायू सुटला तरच त्याला पकडण्याचा प्रश्न. मुळात सुटूच न देणे हे सर्वांत शहाणपणाचे.

पण यंत्राहून मोठी उणीव नियमांत आहे. २००९ साली अधिसूचित झालेल्या आपल्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत बारा घटकांची नावे आहेत: धूलिकण आहेत, ओझोन आहे, अमोनिया आहे, शिसे आहे. हायड्रोजन सल्फाइडचे नाव त्या यादीत नाही. ज्याचे नावच नाही त्याची मर्यादा कोठली, आणि ज्याची मर्यादा नाही त्याविषयी तक्रार करणाऱ्या गावकऱ्याच्या हाती पुरावा तो कोणता? कॅलिफोर्नियात आणि आइसलँडमध्ये आधी नियम आला, मग यंत्र सुधारले. अभियंते आळशी होते असे नव्हे. नियमाचा टेकू नसला की त्यांच्या उत्तमातल्या उत्तम योजनाही हिशेबनिसाच्या मेजावरच पडून राहतात.

म्हणून मागणे साधे आहे. पहिली विहीर खणण्यापूर्वी त्या जागची हवा वर्षभर मोजून ठेवावी, म्हणजे पुढे ‘हा वास पूर्वीचाच’ असे कोणाला म्हणता येणार नाही. मर्यादा तासाच्या सरासरीने ठरवावी, दिवसाच्या नव्हे. वायू पकडण्याची योजना केंद्राच्या पहिल्या आराखड्यातच असावी. मागाहून लावलेले ठिगळ महागही पडते आणि उसवतेही. आणि मोजमापाचे आकडे रोजच्या रोज गावच्या चावडीवर लागावेत, गावकऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत.

या देशाला विजेची गरज आहे, आणि कोळशाच्या धुरापेक्षा पृथ्वीच्या पोटातली आच शतपटींनी बरी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. दिवस-रात्र, पाऊस-ऊन न पाहता ती मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु चांगल्या गोष्टीची चांगली बाजू सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्या शेजारी कोण राहतो, हे विचारणारे थोडे. लेक परगण्यातल्या लोकांनी ते विचारले म्हणून एक विद्या पुढे गेली. रेक्याविकच्या लोकांनी विचारले म्हणून वायूचा दगड झाला. चांगथांगच्या कुरणात याक राखणाऱ्या माणसालाही ते विचारण्याचा तेवढाच अधिकार आहे, आणि त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचत नसेल तर तो पोचविणे हे आपल्यासारख्या, वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवणाऱ्या, मंडळींचे काम आहे.